लिलाव आणि बारावी

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या गच्चीबावली स्टेडियममध्ये प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला. त्याच आठवड्यात, २८ फेब्रुवारीला, तेलंगणाची इंटरची, म्हणजे अकरावी-बारावीची, परीक्षा सुरू झाली होती. महाराष्ट्राची बारावी त्याआधीच, २१ फेब्रुवारीला, सुरू झालेली. म्हणजे सतरा-अठरा वर्षांचा जो मुलगा कबड्डी खेळतो, त्याच्या आयुष्यातल्या दोन्ही मोठ्या गोष्टी एकाच आठवड्यात येऊन ठेपल्या होत्या. एक टीव्हीवर, दुसरी परीक्षा केंद्रावर.

हे सगळीकडे खरं आहे. पण तेलंगणातल्या आसिफाबादहून महाराष्ट्रातल्या राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वांकिडीसारख्या गावात ते अधिक खरं आहे. पूर्वी हा आदिलाबाद जिल्हा. ऑक्टोबर २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद. इथे घरात मराठी किंवा गोंडी, बाजारात तेलुगू, आणि थोडं पुढे गेलं की महाराष्ट्राची हद्द. खेळायला मोकळं मैदान, चार-दोन गडी आणि दम लागतो, बाकी काही नाही, म्हणून कबड्डी इथल्या शाळांच्या आणि वसतिगृहांच्या आवारात रुजली. २०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा जो मुलगा सात वर्षांचा होता, तो त्या अंतिम सामन्याच्या दिवशी सतराचा होता. कबड्डीत पैसा नसतो, हे वाक्य त्याने घरात ऐकलंच नाही. त्याने ऐकला तो लिलावाचा आकडा.

शिक्षण अर्धवट सोडून व्यावसायिक खेळात जावं का, हा प्रश्न अमेरिकेत बास्केटबॉलच्या निमित्ताने पन्नासहून अधिक वर्षं चर्चेत आहे. तिथल्या एनबीए या व्यावसायिक लीगचा एकेकाळी नियम होता की, शाळा संपल्यावर चार वर्षं उलटल्याशिवाय खेळाडूला संघात घ्यायचं नाही. स्पेन्सर हेवूड कोर्टात गेला आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूने निकाल लागला. १९९५ मध्ये केविन गार्नेट, १९९६ मध्ये कोबी ब्रायंट, २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स थेट शाळेतून व्यावसायिक संघात गेले. २००५ च्या कराराने पुन्हा अट आली: वय किमान एकोणीस आणि शाळा संपून एक वर्ष झालेलं. तेव्हापासून अनेक गुणी मुलं कॉलेजात एकच वर्ष काढतात आणि निघून जातात. हा नियम मुलांच्या भल्यासाठी आहे असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. त्या एका वर्षात कॉलेजला तिकिटांतून आणि प्रक्षेपणातून पैसा मिळायचा, व्यावसायिक संघांना मुलाचा खेळ फुकटात पारखून मिळायचा, आणि २०२१ च्या जुलैपर्यंत त्या मुलाला स्वतःच्या नावावर जाहिरातीचा पैसा घेण्याचीही मुभा नव्हती. ज्याचं शरीर झिजतं, त्यालाच थांबायला सांगायचं, हे काही रक्षण नव्हे.

तिथली घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. २०१८ मध्ये तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने ठरवलं की, शिष्यवृत्तीवर किमान दोन वर्षं शिकलेला बास्केटबॉलपटू मध्येच निघून गेला आणि दहा वर्षांच्या आत त्याच कॉलेजात परत आला, तर पदवी पूर्ण करण्यासाठी त्याची फी आणि पुस्तकं कॉलेजने द्यायची. मुलाला अडवलं नाही, त्याची परतीची वाट राखली. माझं म्हणणं एवढंच आहे. सोडून जाणं हा गुन्हा नाही. परतीची वाट बंद असणं, हा अन्याय आहे. आणि आपल्याकडे ती जवळजवळ बंद आहे.

आपल्याकडचं गणित पाहू. प्रो कबड्डीत बारा संघ. एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू धरले तरी तीनशे. त्यात परदेशी आले, रेल्वे-सैन्यदलातले मुरलेले गडी आले. बावीस वर्षांपर्यंतच्या नव्या मुलांसाठी लीगने वेगळा गट ठेवला आहे, हे चांगलं केलं. पण त्या जागा साऱ्या देशातून भरायच्या असतात. २०२३ च्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची पायाभूत किंमत नऊ लाख होती. शेतमजुराच्या घरात नऊ लाख ही कल्पनेपलीकडची रक्कम आहे. त्या घराने तिच्याकडे डोळे लावले तर त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

पण हा आकडा टिकत नाही, हेही त्या घराला कुणीतरी सांगायला हवं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडे ३६.४० लाखांना गेला. त्या हंगामात त्याच्या चढाया अशा गाजल्या की पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने, म्हणजे वांकिडीकर ज्याला आपला म्हणतात त्या संघाने, त्याला १.४५ कोटींना घेतलं. मग खांद्याची दुखापत झाली. २०२२ मध्ये त्याच संघात त्याची बोली २० लाखांवर आली. त्यानंतरच्या वर्षी हरियाणाने पुन्हा एक कोटी मोजले. हा महाराष्ट्रातल्या सर्वोत्तम चढाईपटूंपैकी एकाचा आलेख आहे. नामांकित चढाईपटू पवन सेहरावतला तमिळ थलैवाजने २०२२ मध्ये २.२६ कोटींना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो हंगामभर बाहेर बसला. तो पुन्हा उभा राहिला, २.६०५ कोटींना तेलुगू टायटन्सकडे गेला. पण तो पवन होता. नऊ लाखांच्या मुलाचा गुडघा गेला तर त्याच्यासाठी कोण थांबेल? आणि २०२० मध्ये साथीमुळे लीग झालीच नाही. ते वर्ष ज्यांच्या उमेदीचं होतं, त्यांचं ते वर्ष कुठल्याच हिशेबात नाही.

आता खरी अडचण. अमेरिकेतला मुलगा कॉलेज सोडतो तेव्हा त्याची निवड होईल की नाही याचा अंदाज पुष्कळसा आलेला असतो. तो शिडीच्या वरच्या पायरीवर असतो. आपल्याकडे मुलं पहिल्याच पायरीवर शाळा सोडतात. लिलावात नाव येण्याच्या कितीतरी आधी, दहावी-अकरावीत. आज जिल्ह्याची निवड चाचणी, परवा खुले सामने, पुढच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यात रोख बक्षिसाची स्पर्धा. हजेरी कमी पडते, प्रॅक्टिकल बुडतं, परीक्षेचा अर्ज भरायचा राहतो. कुणी ‘शाळा सोड’ म्हणत नाही. ती सुटत जाते. सर म्हणतात, खेळ चांगला आहे, होईल काहीतरी. लिलावात गेलेल्या मुलाचं नाव पेपरात येतं. त्या वाटेवर निघून मध्येच थांबलेल्यांची नोंद शाळेच्या गळतीच्या तक्त्यात होते, आणि तिथे कारण ‘कबड्डी’ असं कुणी लिहीत नाही.

जुन्या मराठी कबड्डीत ही ओढाताण एवढी नव्हती, कारण तिचं टोक नोकरीत होतं. महिंद्र, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, पोलीस, बँका यांचे संघ होते. मुलगा चमकला की त्याला नोकरी लागे, गुडघा गेला तरी पगार चालू राही. त्या व्यवस्थेत श्रीमंती नव्हती, पण म्हातारपण होतं. ती संपलेली नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के, तेलंगणात दोन टक्के आरक्षण आहे. फक्त त्या दाराशी प्रमाणपत्रांच्या जोडीने गुणपत्रिकाही मागितली जाते. २०२४ मध्ये तेलंगणा सरकारने निजामाबादची मुष्टियोद्धा निखत झरीन आणि क्रिकेटपटू मोहम्मद सिराज यांना पोलीस उपअधीक्षकपद दिलं. सिराज बारावीपर्यंत शिकलेला, म्हणून शिक्षणाची अट शिथिल केली. ते योग्यच झालं. पण अट शिथिल होते ती जगज्जेत्यासाठी. राज्य संघातून खेळलेल्या, दुखापत होऊन घरी बसलेल्या मुलाला पोलीस भरतीचा अर्ज बारावीअभावी भरता येत नाही, आणि त्याच्यासाठी विधानसभेत कुणी उठत नाही.

सीमेवरच्या मुलाला आणखी एक कोडं सोडवावं लागतं. तेलंगणात सरकारी नोकरीसाठी ‘स्थानिक’ कोण, हे मुख्यतः पहिली ते सातवी कुठे शिकला यावर ठरतं. मराठी शाळेसाठी लहानपणी राजुऱ्याकडे नातेवाइकांकडे राहिलेला मुलगा इथे परका ठरू शकतो. महाराष्ट्राच्या क्रीडा आरक्षणाला महाराष्ट्राचा अधिवास लागतो. तेलंगणाकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळला म्हणून पलीकडे उपयोग नाही, पलीकडे शिकला म्हणून अलीकडे नाही. शेजारच्या केरामेरी भागातल्या गावांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला आहे. तिथल्या खेळणाऱ्या मुलावर मात्र कुणी हक्क सांगायला येत नाही.

मुलींचं तर लिलावाशी नातंच नाही. २०१६ मध्ये तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली, तिचा अंतिम सामनाही हैदराबादलाच झाला, आणि ती तेवढ्यावरच थांबली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांबरोबर महिलांनीही सुवर्ण जिंकलं, पण लीग पुरुषांचीच राहिली. आश्रमशाळेतली मुलगी कबड्डीसाठी शिक्षण सोडत नाही. कबड्डी असते तोवर ती शिक्षणात टिकते. संघात आहे म्हणून वसतिगृहात आहे, वसतिगृहात आहे म्हणून तिच्या लग्नाची घाई घरी थोडी थांबलेली आहे. तोच खेळ मुलाला शाळेबाहेर ओढतो आणि मुलीला शाळेत धरून ठेवतो. तेव्हा खेळावर राग काढून काही होणार नाही. खेळाभोवती काय उभं केलं आहे, ते पाहावं लागेल.

१९५२ ला ऑलिंपिकसाठी हेलसिंकीला जायचं होतं तेव्हा कुस्तीगीर खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. ही गोष्ट आपण पदकाची म्हणून सांगतो. मला ती प्राचार्यांची वाटते. जोखीम मुलाने एकट्याने घ्यायची नाही, संस्थेने तिच्यातला वाटा उचलायचा, हे त्या गृहस्थांना कुठल्याही परिपत्रकाशिवाय कळलं होतं.

आज परिपत्रकं आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात मध्येच सोडून पुन्हा येण्याची सोय आहे. मिळवलेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत जमा राहतात. पण ते मुख्यतः पदवीसाठी. गळती होते ती बारावीच्या अलीकडे, आणि तिथे या सोयीचा फारसा उपयोग नाही. मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे, तिचा अर्ज कधी निघतो हे मुलाला सांगणारा माणूस नाही. लीगकडे पैसा आहे. बावीस वर्षांखालच्या मुलाशी करार करताना त्यातच त्याच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च लिहिणं कोटी-कोटींच्या बोली लावणाऱ्या संघाला मुळीच जड नाही. राज्य मंडळांनी राष्ट्रीय शिबिरातल्या मुलांची परीक्षा नंतर, वेगळी घेणंही अशक्य नाही. दोन्ही राज्यांनी सीमेवरच्या तालुक्यांतल्या खेळाडूंची प्रमाणपत्रं परस्पर मान्य करावीत, ही मागणी तर एका बैठकीत सुटण्याजोगी आहे.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. दिवाळीनंतर गावोगाव कबड्डीचे खुले सामने भरतील. वांकिडीत भरतील, राजुऱ्यात भरतील, तुमच्याही गावात भरतील. वर्गणी देणारे, बक्षीस लावणारे आणि मंडळ चालवणारे तुम्हीच असता. संघांची नावं लिहून घेताना अठराच्या आतल्या प्रत्येक मुलाला विचारा, यंदाचा परीक्षेचा अर्ज भरलास का? भरला नसेल तर पहिल्या बक्षिसातून त्याची फी बाजूला काढा, आणि फॉर्म भरून झाल्यावरच त्याला मैदानात उतरवा.