अण्णांची जीप

आमच्या गावात अजूनही कुणी विचारतं, "अण्णांची जीप हाय का घरी?" अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. जीप लिंबाखाली उभी असते.

अण्णांनी ती जुनीच घेतली होती, महिंद्राची, डिझेलवाली. इंजिन इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, म्हणून गावातल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीलाही ओळखीचं. पावसाळ्यात परभणीची काळी माती चाकाला अशी धरते की बैलगाडीसुद्धा रुतते. अशा रात्री फोर व्हीलचा गिअर टाकून अण्णा कुणाची बाळंतीण, कुणी पान लागलेला माणूस परभणीच्या सरकारी दवाखान्यात पोचवायचे. डिझेल कुणी टाकलं तर टाकलं, मागितलं कधी नाही.

अण्णांच्या मागं मी जीप खोलली. पत्रा सडलेला, पाट्यांची पानं तुटलेली, डायनामो बसलेला. वाड्यात गोणपाट अंथरून दोन उन्हाळे खपलो. पाटे नवे, रेडिएटर नवा, मागचा हौद नवा, डायनामोच्या जागी आल्टरनेटर. धाकटा भाऊ बघत होता. म्हणाला, "दादा, आता ह्यात अण्णांचं काय राह्यलं?"

मला ते लागलं. म्हणून ठरवलं, ब्रेक जुनाच ठेवायचा. पायडलवर अण्णांच्या पायानं गुळगुळीत झालेली जागा होती. शेजारचे चाचा सगळी हयात गाड्यांखाली काढलेले. ते म्हणाले, "बेटा, एकच लाइन हाय. फुटली का चारी चाकाचा ब्रेक गेला. बदलून टाक." मी ऐकलं नाही.

श्रावणात ओढ्यातून जीप काढली. मागं बहिणीची दोन लेकरं. पुढच्या उतारावर पायडल दाबलं, पण जीप थांबेना. ड्रममध्ये पाणी शिरलं होतं. बांधावर चढून, कापसात शिरून ती थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

अण्णा ओढ्यातून निघाले की थोडं अंतर ब्रेक हलका दाबून धरायचे, ड्रम वाळेपर्यंत. लहानपणी मी ते शेजारी बसून बघितलं होतं. ब्रेक मी जपला, पण तो वाळवणारा पाय माझ्याकडं नव्हता.

भावाचा प्रश्न तसा फार जुना. अथेन्सच्या लोकांनी थिसियसचं जहाज जपलं, फळी कुजली की नवी बसवली. जहाज तेच की दुसरं, यावर तत्त्ववेत्त्यांत दोन तट पडल्याचं प्लुटार्कनं लिहून ठेवलंय. आपल्याकडं तिफण बघा. फण लोहारानं बदलला, दिंड सुतारानं बदललं, चाडं फुटलं, नळ्या गेल्या. तरी म्हणायचं, आजोबाची तिफण. तीत आजोबाचं एक लाकूड नसतं, पण पेरणी त्याच रानात, त्याच घरच्या हातानं होते. आरटीओच्या लेखी जीप म्हणजे चेसीवर ठोकलेला नंबर. त्यांचं बरोबर आहे, पण नंबर कुणाला रात्री दवाखान्यात नेत नाही.

अण्णांनी त्या जीपमधलं काहीच पवित्र मानलं नव्हतं. ट्रॅक्टरचा नट बसला तर ट्रॅक्टरचा बसवायचे. त्यांनी जपलं ते मागं बसलेल्या माणसाला. त्यांची आठवण म्हणून मी मोडकं ते धरून बसलो आणि त्या आठवणीचं ओझं दोन लेकरांच्या जिवावर टाकलं. जुन्यावरची माया आपली असते. तिची किंमत दुसऱ्यानं मोजायची वेळ आली, की ती माया राहत नाही, हट्ट होतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, म्हणून आधी आरटीओत विचारून घेतलं. मग पुढच्या चाकांना डिस्क बसवल्या. त्या उघड्या असतात, पाणी लवकर झटकतात. मास्टर सिलेंडर दोन लाइनचा घातला, एक फुटली तरी दुसरी धरते. बूस्टरला लागणारी हवेची ओढ डिझेल इंजिनात आपोआप होत नाही, म्हणून आल्टरनेटर पुन्हा बदलून पंपवाला आणला. चाचा शेजारी बसून पाना कुठं लावायचा ते सांगत होते.

जुने ड्रम मात्र कणगीमागं ठेवलेत. भाऊ म्हणतो, "भंगारात घाला की." बरोबरच म्हणतो. अजून घातले नाहीत.