आधी वही दाखव

मोमो? अलिबागला पेटत्या कोळशासमोर उभा राहणारा माणूस उत्पन्न वाढवायला मोमो विकणार? शिवाय डाव्या हाताला शेजवान राईस आणि उजव्या हाताला रंगीत सरबतं? एक ना धड, भाराभर चिंध्या! शाळेतही तुझं हेच होतं. चार गणितं अर्धवट टाकून पाचव्याला हात घालायचास.

मान खाली घालू नकोस, उत्तर दे. एका प्लेटमागे तुला किती सुटतात? 'सुटतात की बाई, शंभरेक' हे उत्तर मी आठवीच्या पोराकडूनही चालवून घेतलं नसतं. बोनलेस चिकन समज ३०० रुपये किलोने आणलंस. भाजल्यावर ते किती भरतं, कधी काट्यावर टाकून पाहिलंस? पाणी आणि चरबी निखाऱ्यावर गळून किलोचं साधारण ७०० ग्रॅम उरतं. म्हणजे तुला ते जवळजवळ ४३० रुपये किलोने पडलं. दही, मसाला, तेल, कोळसा, पार्सलचा डबा, हाताखालच्या पोराची मजुरी, सगळं त्याच्यावर. आणि तू दर ठरवलास कशावरून? तर शेजारच्या गाडीचा फलक वाचून.

त्यात ते मोबाईलवरचं घरपोच प्रकरण. धर, प्लेट २४० ची आणि तुझा खर्च १५०. गाडीवर विकलीस तर ९० राहतात. ॲपवाल्याने शंभराला २५ कापले की ६० गेले, हातात ३०. जे एका प्लेटमध्ये मिळत होतं त्यासाठी आता तीन भाजायच्या, आणि तू मला सांगतोस, ऑर्डरी वाढल्या! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. ॲप बंद कर असं मी म्हणत नाही. तिथला दर वेगळा लाव, आणि डब्यात तुझ्या नंबरची चिठ्ठी टाक, म्हणजे पुढच्या वेळी माणूस सरळ तुला फोन करील. एवढं सुचायला काय पदवी लागते?

आणि डब्याचा धंदा? कल्पना वाईट नव्हती. जिल्ह्याचं ठिकाण आहे, कलेक्टर कचेरी आहे, कोर्ट आहे, दुपारी भुकेली माणसं ढीगभर. पण चिकनचा डबा तू सुरू कधी केलास, तर सोमवारी! सोमवार, गुरुवार, शनिवार अर्ध्या गावाचा वार असतो हे तुला कोणी सांगायला हवं होतं? बुधवारी आणि शुक्रवारी कर. तांदळाच्या भाकरीत भाजलेलं चिकन गुंडाळून दे, सकाळी दहाच्या आत ऑर्डर घे, तेवढंच भाज. उरलेलं संध्याकाळी गरम करून खपवण्याची तुझी सवय मला ठाऊक आहे. ती पहिली सोड.

आता नीट ऐक. तुझ्याकडे विकण्यासारखं आहे काय? विस्तव, मुरवण आणि हात. नवं उत्पन्न काढायचं ते या तिघांतून काढ.

शनिवार-रविवारी मांडव्यापासून नागाव-रेवदंड्यापर्यंत बंगले भरतात. रो-रो बोट सुरू झाल्यापासून, म्हणजे २०२० पासून, मुंबईची माणसं गाडीसकट उतरतात. त्यांना अंगणात बार्बेक्यू हवा असतो आणि त्यांतल्या निम्म्यांना कोळसाही पेटवता येत नाही. तू काय करतोस? घासाघीस करून शंभर शिगा पोहोचवतोस आणि परत येतोस. अरे, जाळीचं भाडं वेगळं, कोळशाचं पोतं वेगळं, मुरवलेल्या मालाचा दर वेगळा, भाजणाऱ्या माणसाचे तास वेगळे! अर्धे पैसे आगाऊ, जाळीची अनामत निराळी. केअरटेकरला टक्का द्यावा लागतो, तो दरातच धर. तो तुझ्या खिशातून जातो आणि मग तू गिऱ्हाइकाच्या नावाने बोटं मोडतोस. माल बर्फाच्या पेटीत, पाच अंशांच्या आत. भर उन्हात स्कूटरच्या हुकाला कच्च्या चिकनची पिशवी लटकवून जाताना मी तुला पाहिलंय. एकाला उलट्या झाल्या तर सगळ्या बंगल्यांची दारं बंद होतील, आणि व्हायलाच हवीत.

थंडीत तर तू अक्षरशः लक्ष्मीला पाठ दाखवतोस. वाल तयार झाला की सगळा रायगड पोपटी लावतो. मडकं, भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मसाला लावलेलं चिकन, अंडी. पाण्याचा थेंब नाही. ही तुझ्या आजीची विद्या. मुंबईकराला ती डोळ्यांदेखत लागलेली बघायची असते आणि त्यासाठी तो चिकन टिक्क्यापेक्षा जास्त पैसे मोजतो. शेतावरची जागा तुमची, पाला बांधावरचा फुकट. आणि जानेवारीत तू काय केलंस? पिझ्झाच्या भट्टीची चौकशी! अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, मोसमात त्याच्या माळा दारोदार टांगलेल्या असतात, तरी तुझ्या प्लेटमध्ये लाल कांदा. यावर मी काही बोलत नाही.

पावसाळा अवघड, मान्य. जून-जुलै मासेमारी बंद, गेटवेच्या प्रवासी बोटी बंद, मागून श्रावण. श्रावणात गाडीवर ताडपत्री टाकून झोपतोस ना? पनीर, सिमला मिरची, कणीस, अननस, कच्ची केळी, हे निखाऱ्यावर भाजत नाही का? पण जाळी, शिगा, तेलाचा ब्रश, परात, सगळं वेगळं पाहिजे, आणि ते गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. जैन गिऱ्हाईक आलं तर कांदा-लसणाशिवायचं मुरवण तयार हवं. ही माणसं वर्षभर येतात आणि तुझ्या गाडीवरून तशीच पुढे जातात.

तुझ्या आईचा मसाला विकायचाय, तर सुका विक. दह्यातलं मुरवण पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून देऊ नकोस. ते नासेल, आणि नाव आईचं जाईल. पाकिटावर घटक, वजन, बॅच नंबर, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, हिरवी खूण, एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक. तुझ्या नोंदणीचा कागद कुठे आहे? पत्र्याच्या पेटीत? तो गाडीवर दर्शनी लावायचा असतो.

मोमोच्या गाडीसाठी पतसंस्थेचा फॉर्म आणलायस, जामीनदार म्हणून माझं नाव लिहून, मला न विचारता. त्यावर मी सही करणार नाही. तुझ्या बायकोला नेमकं लिहिता येतं, तिच्याकडे वही दे. रोजची खरेदी, भाजण्याआधीचं आणि नंतरचं वजन, किती प्लेटी गेल्या, किती माल उरला, किती फेकला. एक महिना चुकवायचं नाही. मग वही घेऊन ये. बंगल्यांसाठी दुसरी जाळी आणि बर्फाची पेटी घ्यायची असेल, तर पैशाचं तेव्हा बोलू.

हा फॉर्म आत्ता परत ने.