उरलेली साखर

पुतणी शनिवारी संध्याकाळी सांगलीहून काकांकडे मुक्कामाला आली, ती पुस्तकांची पिशवी घेऊनच. बारावीचं वर्ष आणि पुढ्यात सीईटी. फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. म्हणून तिनं सूत्रं घोकून ठेवली होती. झिरो ऑर्डरचं वेगळं, फर्स्ट ऑर्डरचं वेगळं. तरीही अभिक्रियेच्या वेगाच्या धड्यात दर सराव परीक्षेला तिचे मार्क जात होते.

काका कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होते. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी तिचा पेपर हातात घेतला. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडच्या विघटनाचा प्रश्न होता. समीकरणात रेणूच्या आधी दोनचा आकडा होता आणि तिनं उत्तरात सेकंड ऑर्डर लिहिली होती.

“दोन कुठून आणलेस?”

“समीकरणात दोनच आहे की, काका.”

“तो आकडा दोन्हीकडचे अणू जुळावेत म्हणून आहे. हे विघटन फर्स्ट ऑर्डरचं आहे, आणि ते मोजल्यावर कळलं. नुसत्या समीकरणाकडे बघून कुणालाच कळलं नसतं. उद्या माझ्याबरोबर लॅबला चल.”

गळीत हंगाम ऐन भरात होता. काट्यापुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, गव्हाणीत मोळ्या पडत होत्या. चालता चालता काकांनी तिला सांगितलं की तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की उतारा घसरतो. उसाचा रस मुळातच किंचित आंबट असतो आणि आम्लात साखर फुटत जाते. म्हणून रस निघाला की त्यात चुना घालून आंबटपणा मारावा लागतो. उशीर झाला तर शेतकऱ्याची साखर पोत्यात न येता मळीत जाते. “तुझ्या पुस्तकातला वेग तो हाच,” ते म्हणाले.

लॅबमध्ये त्यांनी तिला दहा ग्रॅम साखर मोजायला लावली. पाण्यात विरघळवून तिनं द्रावण शंभर मिलीलीटर केलं आणि वीस सेंटिमीटरच्या नळीत भरून पोलरीमीटरमध्ये पाहिलं. साखरेच्या द्रावणातून जाताना प्रकाशाचं प्रतल वळतं आणि किती वळलं ते हे यंत्र सांगतं. वाचन आलं उजवीकडे १३.२ अंश. मग तेवढ्याच साखरेचं तेवढंच द्रावण पुन्हा केलं. या वेळी त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं आणि घड्याळ लावलं. थोडं मिश्रण काकांनी वेगळ्या बाटलीत काढून गरम पाण्यात ठेवलं. ते कशासाठी, हे सांगितलं नाही.

“सूत्र आठवायचं नाही. फक्त आकडे लिहायचे.”

आकडा उतरत गेला. तिनं लगेच हिशेब मांडला: १३.२ चे अर्धे ६.६, त्याचे अर्धे ३.३. फर्स्ट ऑर्डर असेल तर दोन्ही वेळा सारखाच वेळ लागायला हवा. पण दुसऱ्या खेपेला कमी लागला. म्हणजे ही फर्स्ट ऑर्डर नव्हे, असं तिनं वहीत लिहूनही टाकलं. काकांनी ते पाहिलं, पण ते काही बोलले नाहीत. मला या साऱ्या प्रसंगात तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. चूक दिसताच बोट ठेवण्याचा मोह शिकवणाऱ्याला फार असतो.

दुपार कलली तशी ती धावत आली. “काका, बिघडलं सगळं! आकडा शून्याच्या खाली चाललाय.”

“साखर शून्यावर संपते असं कुणी सांगितलं तुला?”

मग त्यांनी समजावलं. साखर फुटते तेव्हा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. ग्लुकोज प्रकाशाला उजवीकडे वळवतं, फ्रुक्टोज त्याहून जोरात डावीकडे. म्हणून सगळी साखर फुटली की वाचन डावीकडे स्थिरावतं. कुठे स्थिरावतं? ती गरम पाण्यातली बाटली त्यासाठीच होती. उष्णतेनं तिच्यातली अभिक्रिया केव्हाच संपली होती. ती थंड करून वाचन घेतलं, तर आलं उणे ४.०.

“हा शेवट. इथून मोज. उरलेली साखर म्हणजे आत्ताचं वाचन आणि हे वाचन यांतलं अंतर.”

तिनं पुन्हा मांडलं. सुरुवातीचं अंतर १७.२. त्याचे अर्धे ८.६, म्हणजे वाचन ४.६ असतानाची वेळ. त्याचे अर्धे ४.३, म्हणजे वाचन ०.३ असतानाची. वहीतल्या वेळा काढून पाहिल्या, तर दोन्ही टप्पे जवळजवळ सारखे! वहीतलं वाक्य तिनं खोडलं. मग स्वतःहून विचारलं, “पण काका, पाणीसुद्धा अभिक्रियेत भाग घेतं. मग ऑर्डर एकच कशी?”

“पाणी एवढं आहे की त्यातलं थोडं खर्च झालं तरी फरक पडत नाही. कमी होताना जाणवते ती फक्त साखर.”

चहा घेताना काकांनी तिला विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. १८५० मध्ये त्यानं याच साखरेच्या द्रावणावर, याच पद्धतीनं प्रकाश वळताना पाहून अभिक्रियेचा वेग मोजला आणि पहिल्यांदा गणितात बसवला. पुढे १८८९ मध्ये स्वीडनच्या आऱ्हेनियसनं तापमानानं वेग का वाढतो याचा विचार केला, तेव्हाही त्याच्यासमोर साखरेचं हे फुटणंच होतं. सीईटीच्या अभ्यासक्रमातलं आऱ्हेनियसचं समीकरण त्या विचारातलंच.

रात्री तिनं सराव परीक्षेचा पेपर पुन्हा उघडला. फर्स्ट ऑर्डरची अभिक्रिया साठ मिनिटांत पंचाहत्तर टक्के पूर्ण होते, तर हाफ लाइफ किती? आठवड्यापूर्वी याच प्रश्नाला तिनं लॉगचं कोष्टक काढलं होतं आणि गोंधळली होती. आता तिनं पाहिलं की पाव उरलंय, म्हणजे दोनदा अर्धं झालंय. तीस मिनिटं. पेन उचलावंही लागलं नाही.

पोलरीमीटर सगळ्या कनिष्ठ महाविद्यालयांत नसतो, पण हायपो (सोडियम थायोसल्फेट) आणि हायड्रोक्लोरिक आम्ल बहुतेक ठिकाणी असतं. पांढऱ्या कागदावर पेन्सिलीनं फुली काढा, तिच्यावर हायपोच्या द्रावणाचं चंचुपात्र ठेवा, आम्ल घाला आणि गंधकाच्या गढूळपणात फुली दिसेनाशी व्हायला किती वेळ लागतो ते मुलांनाच मोजू द्या. मग हायपो निम्मं करा, मग द्रावण थोडं कोमट करा. वायू सुटतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा. शिक्षकांना एवढीच विनंती, की फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी एक तास या फुलीला द्या.