न केलेल्या कर्माचे फळ

‘हा तो स्पॉक नव्हे.’ जे. जे. एब्रम्स यांनी २००९ साली ‘स्टार ट्रेक’ पुन्हा पहिल्यापासून मांडला, तेव्हा जुन्या चाहत्यांची तक्रार या चार शब्दांत मावत होती आणि जुन्याला कवटाळून बसलेल्यांची कुरकुर म्हणून ती उडवूनही लावली गेली. ती अधिक आदराने ऐकायला हवी होती, कारण तिच्यात आपल्या दर्शनांना शतकानुशतके पुरलेला प्रश्न आहे. नैयायिक म्हणत, ‘तोच हा देवदत्त’ अशी ओळख पटते त्याअर्थी काल पाहिलेला आणि आज दिसणारा माणूस एकच असला पाहिजे. बौद्ध त्यावर म्हणत, कापलेली नखे पुन्हा वाढली की तीच ही नखे असे आपण म्हणतोच; ओळख साम्यावरही पटते. चाहत्याची तक्रार मात्र साम्याशी येऊन थांबत नाही. नवा स्पॉक झॅकरी क्विंटो हुबेहूब जुन्या स्पॉकसारखा, लिओनार्ड निमॉयसारखा दिसला असता, तरी ती उरलीच असती.

मग तक्रार नेमकी कशाची? बौद्धांच्या क्षणिकवादावर विरोधकांनी घेतलेल्या सर्वांत बोचऱ्या आक्षेपात मला तिचे नाव सापडते: कृतनाश आणि अकृताभ्यागम. कर्म करणारा क्षणात संपला तर केलेले फळ न देताच वाया गेले, आणि भोगणारा दुसराच असेल तर त्याच्या पदरात न केलेल्याचे फळ पडले. ‘मिलिंदप्रश्ना’त बौद्ध भिक्षू नागसेन या आक्षेपाला आंब्याच्या चोराने उत्तर देतो. लावलेला आंबा वेगळा, मी तोडलेला वेगळा, असे चोराने कितीही सांगितले तरी तो सुटत नाही, कारण दुसरा आंबा पहिल्यातूनच आला आहे. म्हणजे वस्तू तीच राहिली नाही तरी चालेल, कारणांची साखळी तुटता कामा नये. जुन्या ‘स्टार ट्रेक’मध्ये ही साखळी शाबूत होती: १९६७च्या एका भागात स्पॉकचा मित्र कॅप्टन कर्क खान नावाच्या शत्रूला एका निर्जन ग्रहावर सोडून देतो आणि विसरतो. १९८२च्या चित्रपटात ते विसरणे पंधरा वर्षांनी परत येते: ग्रह उजाड झालेला, खानची बायको मेलेली, आणि त्याच्या सुडातून यान वाचवताना स्पॉक किरणोत्सर्गाने भरलेल्या कक्षात काचेपलीकडे प्राण सोडतो. त्या काचेवर टेकलेल्या दोन हातांमागे मूळ मालिकेचे ७९ भाग उभे आहेत. २०१३च्या चित्रपटात तीच काच आहे, तेच हात आहेत. जागांची तेवढी अदलाबदल झाली आहे. आता कर्क मरतो आणि स्पॉक खानच्या नावाने किंचाळतो. पण या दोघांची ओळख फार तर वर्षभराची, आणि या खानशी त्यांचे जुने देणेघेणे काहीच नाही. ती किंकाळी त्यांच्या आयुष्यातून आलेलीच नाही. दुसऱ्याच कुणी साठवलेले दुःख त्यांच्या हाती दिले गेले. अकृताभ्यागमाचे याहून स्वच्छ उदाहरण पडद्यावर मला माहीत नाही.

यावर जाणता वाचक लगेच विचारेल, जुन्या मालिकेनेही १९८४मध्ये स्पॉकला परत आणलेच ना? आणले, पण किंमत मोजून. त्यासाठी कर्क आपलेच यान चोरतो, त्याचा मुलगा मारला जातो आणि ते यान, ‘एंटरप्राइझ’, त्याला स्वतःच्या हाताने नष्ट करावे लागते. २०१३मध्ये खानच्या रक्ताने कर्क काही मिनिटांत उठून बसतो, आणि कुणाचे काही जात नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रामायणे कितीतरी झाली, तेव्हा पात्रे तीच ठेवून कथा नव्याने सांगण्यात पाप कुठले? काहीच नाही. पण प्रत्येक रामायणाला वनवास पहिल्या दिवसापासून चालावा लागतो. सीतेचा विरह दुसऱ्या रामायणातून उसना आणता येत नाही. शिवाय २००९च्या चित्रपटाने स्वतःच वारसा सांगितला आहे. निमॉयचा वृद्ध स्पॉक जुन्या काळातून नव्यात येतो. जुना काळ दुसरीकडे तसाच चालू आहे, असे समर्थन केले जाते, आणि ते मान्य केले तर कृतनाशाचा आरोप मागे घ्यावा लागेल. तो मी घेतो. दुसरा आरोप तसाच उरतो. खेद याचा, की पहिल्या चित्रपटाला हे कळले होते. तिथे वृद्ध स्पॉक मुद्दाम बाजूला राहतो. या दोघांनी आपली मैत्री आपणच कमवावी, तयार मिळू नये, ही त्याची इच्छा. पुढच्याच चित्रपटात तरुण स्पॉक त्याला खानविषयी विचारतो, आणि तो आपला नियम मोडून सांगून टाकतो. मालिका तिथे घसरली.

नव्याला मग वारसा मिळायचाच नाही का? हुबळी-धारवाडच्या मधोमध वसलेल्या, नावातच नवेपण असलेल्या नवनगरात हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर दोन्ही बाजूंनी यावे. धारवाडकडे मल्लिकार्जुन मन्सूर: आधी मिरजेच्या नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम, मग मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडे अल्लादिया खाँसाहेबांची गायकी. हुबळीकडे गंगूबाई हनगल. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज बारीक, हळुवार. गंगूबाईंचा घशाच्या शस्त्रक्रियेनंतर जड, जवळजवळ पुरुषी झालेला. ओळख नुसत्या साम्यावर ठरत असती, तर त्यांना किराण्याच्या म्हणायला कुणी धजावले नसते. तरी त्या किराण्याच्याच, याबद्दल दुमत नाही. कारण खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळला राहत, आणि शिकण्यासाठी गंगूबाई हुबळीहून रेल्वेने तिथे जात, वर्षानुवर्षे, परतीच्या गाडीची वेळ सांभाळत.