किल्लीचे वाटेकरी

एखादी वस्तू आपल्या मालकीची आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणतो? कायद्याचे उत्तर असे की, वस्तूवर आपला हक्क आहे व तो न्यायालय मान्य करील. व्यवहाराचे उत्तर याहून सोपे: पेटीची किल्ली आपल्या कनवटीस आहे. ही दोन उत्तरे शतकानुशतके एकमेकांस सांभाळून राहिली. किल्ली हरवली तर लोहार होता, हक्क डावलला गेला तर न्यायाधीश होता. २००९ साली बिटकॉइन चालू झाले आणि त्यामागून त्याच्या कुळातील इतर चलने निघाली, तेव्हा हा संसार मोडला. या चलनांत किल्ली हाच हक्क होऊन बसला. किल्ली हरवली तर जगातील कोणताही लोहार ती पेटी उघडू शकत नाही. आणि चोराने नेली तर खातेवही चोरालाच धनी म्हणून ओळखते.

येथे एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. ज्याला 'वॉलेट' म्हणतात त्या बटव्यात नाणे नसतेच. नाणे म्हणजे जगभरच्या असंख्य संगणकांवर एकाच वेळी राखलेल्या सार्वजनिक वहीतील नोंद होय. बटव्यात असते ती केवळ एक गुप्त संख्या, साध्या आकड्यांत लिहू गेल्यास सुमारे ७७ अंकांची. तिच्या आधारे व्यवहारावर सही होते. सही खरी की खोटी हे कोणासही तपासता येते, परंतु सहीवरून ती संख्या हुडकून काढणे कोणासही साधत नाही. तेव्हा धन सांभाळणे म्हणजे एक संख्या सांभाळणे, आणि ती एकाच माणसाजवळ ठेवणे म्हणजे काय, हे क्वाड्रिगासीएक्स या कॅनडातील पेढीच्या ग्राहकांनी अनुभवले आहे. तिचे चालक जेराल्ड कॉटन हे डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपूर येथे वारले. किल्ल्या त्यांच्यासवे गेल्या असे सांगण्यात आले. सुमारे ७६ हजार ग्राहकांचे कोट्यवधी डॉलर अडकले. पुढे चौकशीत निष्पन्न झाले की, पेट्या कित्येक महिने आधीच जवळजवळ रिकाम्या होत्या, आणि २०२० साली ओंटारिओच्या सिक्युरिटीज कमिशनने हा सारा प्रकार फसवणुकीचा ठरविला. किल्ली हरवली ही सबब आणि पेटीत काही नव्हते हे सत्य, या दोहोंतील भेद बाहेरच्या माणसास दिसू नये, हाच एकहाती किल्लीचा मोठा दोष होय.

यावरचा उपाय जुनाच आहे. पोर्तुगीज मुलखातील धर्मसंस्थांत तीन कुलुपांची पेटी असे. तीन किल्ल्या तीन अधिकाऱ्यांजवळ, आणि तिघे जमल्यावाचून झाकण उघडायचे नाही. गोमंतकातील कोन्फ्रारियांत 'क्लाविकुलार', म्हणजे किल्लीधारक, हे पद त्याच रीतीची आठवण देते. (आपल्या मराठीतली व कोंकणीतली 'चावी' तरी कोठली? तीही पोर्तुगीजांच्या 'शाव्ही'चीच लेक.) परंतु कुलपे वाढवीत गेल्याने प्रश्न सुटत नाही. अकरा माणसे असावीत व त्यांतील कोणतीही सहा जमल्यास पेटी उघडावी, पाच जमल्यास उघडू नये, अशी अट घातली तर पेटीला ४६२ कुलपे लागतील आणि प्रत्येकाला २५२ किल्ल्या वागवाव्या लागतील! हे गणित आदि शमीर या इस्रायली गणितज्ञाने १९७९ सालच्या आपल्या छोट्याशा निबंधाच्या आरंभीच मांडले आणि त्यावर तोड सांगितली.

तोड पाहिली तर शाळकरी मुलालाही समजेल. कागदावर एक बिंदू दिला तर त्यातून अनंत रेषा जातात. दोन बिंदू दिले की रेषा एकच. रेषा उभ्या अक्षाला जेथे छेदते तेथे आपली गुप्त संख्या ठेवावी आणि रेषेवरील तीन निरनिराळे बिंदू तिघांना द्यावे. कोणतेही दोघे जमले तर रेषा सापडते, रहस्य सापडते. एकट्याला मात्र काहीच कळत नाही. येथे 'थोडेसे कळते' असेही नव्हे. एका बिंदूवरून प्रत्येक संख्या सारखीच संभवनीय उरते. आमच्या मते मानवी विश्वासाचा प्रश्न इतक्या स्वच्छपणे सोडविल्याची उदाहरणे फार थोडी.

एक वैगुण्य राहिले. सही करावयाची तर तुकडे एकत्र आणून किल्ली घडवावी लागते, आणि घडली त्या क्षणी ती कोणीतरी पाहू शकतो. १९८२ साली अँड्र्यू याओ यांनी एक कोडे घातले होते: दोन लक्षाधीशांना आपली मत्ता परस्परांस न सांगता अधिक श्रीमंत कोण हे ठरविता येईल काय? ठरविता येते, असे त्यांनी दाखविले. प्रत्येकाने आपली गुप्त संख्या आपल्याजवळ ठेवूनही सर्वांनी मिळून तिच्यावर गणित करावयाचे, या विद्येस 'मल्टी-पार्टी कॉम्प्युटेशन' म्हणतात. आपण बहुपक्षीय गणन म्हणू. २००८ साली डेन्मार्कमधील बीट पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनी आपापल्या बोली झाकून ठेवून याच विद्येने सौद्याचा भाव ठरविला. तीच आता बटव्यांत आली आहे. या बटव्यात किल्लीचे तुकडे जन्मतःच वेगळे असतात. एक मालकाच्या फोनमध्ये, एक सांभाळ करणाऱ्या कंपनीच्या यंत्रात, एक आणखी कोठे. ठरलेले दोघे परस्परांशी काही आकडेमोड करतात आणि शेवटी पूर्ण सही बाहेर पडते. अखंड किल्ली मात्र ना आधी अस्तित्वात येते, ना नंतर. इतकेच नव्हे, किल्ली तीच ठेवून तुकडे ठराविक काळाने बदलताही येतात, म्हणजे काल चोरलेला तुकडा आज निरुपयोगी ठरतो.

या योजनेचे पुरस्कर्ते म्हणतात की, आता कोणावर विश्वास ठेवण्याचे कारणच उरले नाही. नेमके येथेच आम्ही थबकतो. विश्वास नाहीसा झालेला नाही. त्याने जागा बदलली आहे. अमुक एक माणूस प्रामाणिक आहे यावर पूर्वी आपण भिस्त ठेवीत होतो, आता तुकडे धरणारे खरोखरच निरनिराळे आहेत यावर ठेवतो. आणि हे निरनिराळेपण गणितातून सिद्ध होत नाही. मल्टिचेन नावाच्या संस्थेचे नाव या संदर्भात घेतलेच पाहिजे. निरनिराळ्या चलनांच्या वह्यांमध्ये पूल बांधण्याचा तिचा धंदा, आणि किल्ल्या बहुपक्षीय गणनाने वाटलेल्या आहेत ही तिची ग्वाही. मे २०२३ मध्ये तिच्या प्रमुखाला चिनी पोलिसांनी नेले. जुलैत बारा कोटींहून अधिक डॉलरांचे धन अनाकलनीय रीतीने बाहेर गेले. आणि त्याच महिन्यात संस्थेने कबूल केले की, तुकडे ज्या यंत्रांवर होते ती सारी त्या एकाच माणसाच्या खात्यावर चालत होती. तीन कुलपे होती, पण तिन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात. गणितात कोठेही चूक नव्हती.

याच्या उलट प्रकार आपल्या देशातला. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या पेढीतून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीस गेले. तिचा बटवा बहुपक्षीय गणनाचा नव्हे, त्याच्या भावकीतला, अनेक स्वतंत्र सह्यांचा होता. सहा सहीदार होते: पाच पेढीचे, सहावा सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा. पेढीचे तिघे व तो सहावा अशा चौघांच्या सह्या लागत, आणि सह्या झाल्या. पेढीचे म्हणणे असे की, पडद्यावर दिसला तो व्यवहार एक, आणि सही पडली तो दुसराच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट पेढीतून सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले तेही असेच, सहीदारांच्या डोळ्यांपुढे व त्यांच्याच हातून. अमेरिकेच्या एफबीआयने या चोरीचा दोष उत्तर कोरियाकडे दिला. म्हणजे हात अनेक होते, पण सगळे एकाच पडद्याकडे पाहत होते. हात वाटले तसे डोळे वाटले गेले नाहीत.

आता आमचा मूळ प्रश्न असा: तुकडा धरणाऱ्याने स्वतःला काय समजावे? तो असा युक्तिवाद करील की, "माझ्याजवळ होते ते एक निरर्थक संख्या. बाजारात तिचे मोल शून्य. मग मी ठेव सांभाळली असे कसे म्हणता?" युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे. भारतीय करार कायद्याच्या १४८व्या कलमास ठेवीसाठी सोपविलेली वस्तू लागते, आणि १५१वे कलम ठेवदाराने स्वतःच्या वस्तूबाबत सामान्य शहाण्या माणसाने घ्यावी तितकी काळजी घ्यावी असे सांगते. परंतु वस्तूच नसेल तर काळजी कशाची?

आमच्या जुन्या व्यवहारशास्त्राला हा पेच अगदीच अपरिचित नव्हता. मनूने व्यवहाराच्या अठरा पदांत ऋणादानाच्या लगोलग दुसरे स्थान निक्षेपास दिले आहे. याज्ञवल्क्याने तर आत काय आहे ते न सांगता मोहोरबंद पात्रात दुसऱ्याच्या हाती दिलेल्या ठेवीसाठी स्वतंत्र नाव योजले, औपनिधिक; आणि ती जशीच्या तशी परत करावी असे सांगितले. आत काय आहे हे ठाऊक नव्हते म्हणून दायित्व टळत नाही, ही त्यातील मेख आहे. राजा, दैव किंवा चोर यांनी नेली तर मात्र ठेवदार सुटतो. वझीरएक्सच्या चोरीनंतर अनेकांनी नकळत याच तिसऱ्या अपवादाचा आश्रय घेतला असे आम्हांस वाटते. पण चोर भिंत फोडून येतो तेव्हाचा तो अपवाद आहे. चोराने कागद पुढे केला व ठेवदाराने न वाचता त्यावर सही केली, तर चोरी कोणाच्या हाताने झाली?

म्हणूनच तुकड्याची उपमा ठेवीशी न देता विश्वस्ताच्या सहीशी द्यावी, हे आमचे मत. विश्वस्ताच्या सहीलाही एकटीला मोल नाही. १८८२च्या भारतीय न्यास कायद्यात न्यासपत्रात निराळे काही नसेल तर सर्व विश्वस्तांनी मिळूनच काम करावे असे ४८वे कलम आहे. आणि सहविश्वस्ताच्या अपराधाबद्दल एखादा विश्वस्त एरवी जबाबदार नसला, तरी योग्य ती चौकशी न करता मालमत्ता त्याच्या हाती जाऊ देणारा, किंवा अपहार कळूनही तो लपविणारा, २६व्या कलमाने सुटत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, वझीरएक्सच्याच एका प्रकरणात, हे चलन म्हणजे मालमत्ता आहे व ती न्यासरूपाने धारण करता येते असे म्हटले आहे. तेव्हा ही उपमा केवळ कल्पनेची राहिलेली नाही. तुकड्याचे मोल त्यात साठविलेल्या धनात नाही. 'नाही' म्हणण्याच्या अधिकारात आहे. जो यंत्रवत् होकार देतो, किंवा यंत्रालाच होकार देण्यास बसवितो, त्याने तुकडा धरला असे म्हणता येत नाही. तो फक्त त्याच्याकडे पडून होता.

आणखी एक गोष्ट वकिलाच्या नजरेला टोचते. अनेक सह्यांच्या बटव्यात कोणी कोणी सही केली हे सार्वजनिक वहीत उमटते. बहुपक्षीय गणनात मात्र बाहेर पडणारी सही एकट्या माणसाच्या सहीसारखीच दिसते. मागे कोण होते, तिघांपैकी कोणते दोघे, याचा माग वहीत राहत नाही. चोरापासून लपण्यास हे सोयीचे आहे खरे. परंतु ज्या दिवशी उत्तर मागावयाचे त्या दिवशी धनी कोणाकडे बोट दाखविणार? कंपनीने स्वतः राखलेल्या रोजनाम्याकडे, म्हणजे बहुधा प्रतिवादीच्याच दप्तराकडे. आम्ही करारनामे पाहतो तेव्हा हा रोजनामा कोण राखतो व तो मागता येतो की नाही हे कलम आधी शोधतो. पुष्कळदा ते नसतेच.

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर येथे पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते, अर्धी तिची, अर्धी त्याची. आणि २०१२च्या वारसा कायद्याने सक्तीच्या वारसांचा अर्धा वाटा मृत्युपत्रानेही हिरावता येत नाही. मृत्यूनंतर इन्व्हेंटरीच्या कामात कुटुंबप्रमुखाने सारी मालमत्ता नोंदवावयाची असते. ज्या बटव्याची किल्ली एकट्याजवळ होती तो नोंदविणार कोण? कायदा पत्नीस अर्धे देतो, गणित तिला काहीच देत नाही. आणि ती संख्या हरवली तर कायद्याने दिलेले अर्धेही कागदावरच राहते.

यास्तव मृत्युपत्राच्या निमित्ताने कोणी विचारले तर आम्ही सुचवितो की, तीन तुकड्यांचा बटवा घ्यावा आणि तिसरा तुकडा पत्नीच्या हाती द्यावा. दान म्हणून नव्हे, तिच्या अर्ध्या हक्काची खूण म्हणून. योजना पटते. एक तुकडा फोनमध्ये, एक कंपनीकडे, एक घरात. फोन हरवला तरी धन सुरक्षित, धनी गेला तरी वारस मोकळे. मग आम्ही पुढचे सांगतो: कोणतेही दोन तुकडे पुरतात, तेव्हा पत्नी व कंपनी मिळून तुमच्यावाचूनही सही करू शकतील. पुष्कळ गृहस्थ येथे थांबतात आणि विचार करून कळवितो म्हणतात. आपल्या फोनसह दुसरा तुकडा, ज्या कंपनीची कचेरी त्यांनी कधी पाहिली नाही तिच्याकडे, त्यांनी केव्हाच देऊन ठेवलेला असतो.