दोराचे दुसरे टोक

आमच्या जालना जिल्ह्यात बर्फ म्हणजे रसवंतीच्या पेटीतील, भुसा झटकून फोडली जाणारी लादी. वैशाखात दुधना आणि कुंडलिका यांच्या पात्रांत वाळूखेरीज फारसे काही दिसत नाही. अशा मुलखात बसून हिमनद्यांवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु पुण्याचे सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोचले, २०१२ मध्ये 'गिरिप्रेमी' संस्थेचे गिर्यारोहक तेथे गेले आणि २०१९ च्या मे महिन्यात त्याच संस्थेचे दहाजण कांचनगंगेच्या माथ्यावर उभे राहिले, तेव्हापासून हा विषय मराठी घरांच्या उंबरठ्याच्या आत आला आहे. धर्मग्रामातील एखादा मुलगा वा मुलगी हिमालयातील शिबिराचा अर्ज घेऊन वडिलांच्या सहीसाठी उभी राहते, तेव्हा घरात जो प्रश्न निघतो त्याचा आम्हांला येथे विचार करावयाचा आहे. ज्याची कोणालाही गरज नाही अशा गोष्टीसाठी देवाने दिलेला प्राण धोक्यात घालण्याचा माणसाला अधिकार आहे काय?

वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते. ही देवाची परीक्षा पाहणे आहे. त्यांच्या मागे शुभवर्तमानाचा आधारही आहे. सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन खाली उडी टाकण्यास सांगितले, तेव्हा प्रभूने ती उडी नाकारली. पण वडीलधाऱ्यांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. १९२२ ते १९३९ या काळात संत पेत्राच्या आसनावर बसलेले परमगुरू पायस अकरावे हे तरुणपणी कसलेले गिर्यारोहक होते. फादर आकिले रात्ती या नावाने, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, जुलै १८८९ मध्ये त्यांनी एक सोबती व दोन वाटाडे यांच्यासह आल्प्समधील मोंते रोझा पर्वत पूर्वेच्या बाजूने चढून ४,६३४ मीटर उंचीचे शिखर गाठले. त्याच बाजूच्या घळीत १८८१ मध्ये हिमप्रपाताने मारिनेल्ली नावाचा गिर्यारोहक आणि त्याचे दोन वाटाडे गाडले गेले होते. रात्ती यांची तुकडी माथ्याजवळ पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. अंधारात उतरण्याऐवजी त्यांनी खडकाच्या अरुंद कडेवर, झोप न घेता, रात्र काढली आणि उजाडल्यावर पलीकडची वाट धरली. पुढे १९२३ मध्ये परमगुरू या नात्याने त्यांनीच मेंथॉनच्या संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते घोषित केले.

गिर्यारोहण म्हणजे मान मोडून घेण्याचा उद्योग नव्हे, त्यात धैर्याहून सुज्ञतेचा वाटा मोठा असतो, असे रात्ती यांचे मत होते. संत थॉमस अक्वायनस यांनीही सुज्ञतेला मूलभूत सद्गुणांत पहिले स्थान दिले आहे आणि उतावळेपणाला तिच्या विरुद्ध जाणाऱ्या दोषांत घातले आहे. आपल्याकडे मात्र 'सुज्ञ' या शब्दाला थोडा भित्रेपणाचा वास लागला आहे. घरी बसणारा तो सुज्ञ, असा आपला समज. ही सुज्ञता प्रत्यक्षात किती कष्टाची असते, हे हिमनदीवरील प्रवासाच्या तयारीत दिसते.

युरोपात शामोनी ते झरमाट ही स्कीवरून करावयाची प्रसिद्ध वाट आहे. एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीपर्यंत, हिमनद्या ओलांडत, कित्येक दिवसांची ती चाल. तेथे जाणारा माणूस नकाशावर प्रत्येक उताराचा कोन मोजतो, कारण हिमप्रपात बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरच सुटतात. धोक्याची एक ते पाच अशी प्रतवारी देणारे पत्रक तो रोज वाचतो. (आपल्याकडे असे इशारे संरक्षण संशोधन खात्याची चंदीगडची संस्था देते.) बर्फाखालच्या भेगांवर जे बर्फाचे पूल तयार होतात ते रात्रीच्या गारठ्यात घट्ट असतात व उन्हाने मऊ पडतात, म्हणून तो अंधारातच निघतो. संदेश देणारे यंत्र, टोचून पाहण्याची लांब काठी आणि फावडे या तीन वस्तू प्रत्येकाजवळ लागतात. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर त्याच्या जगण्याची आशा मोठी. त्यानंतर ती झपाट्याने ओसरते. तेवढ्या वेळात खालून कोणी येऊ शकत नाही. वाचवतील ते बरोबरचेच. म्हणजे माझ्या फावड्याचा उपयोग मला नाही, माझ्या सोबत्याला आहे. आणि माझा जीव त्याच्या पाठीवरच्या फावड्यावर आहे.

एवढे करूनही माणसे मरतात. २९ एप्रिल २०१८ रोजी याच वाटेवर वादळात सापडलेल्या प्रवाशांनी रात्र उघड्यावर काढली आणि त्यांतील सात जण दगावले. विन्येत नावाची झोपडी तेथून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर होती. आपल्या देशात ४ ऑक्टोबर २०२२ रोजी 'द्रौपदी का डांडा' शिखरावर उत्तरकाशीच्या प्रशिक्षण संस्थेची तुकडी हिमप्रपातात सापडली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. ती माणसे शिकण्यासाठीच गेली होती आणि शिकवणारे त्यांच्या बरोबर होते. योजना म्हणजे अभय नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

मग योजनेचे नैतिक मोल कशात आहे? त्यासाठी आम्ही वाचकांना आल्प्समधून परत आपल्या शिवारात आणू इच्छितो. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढावा लागतो, आटलेल्या पाण्यामागे ऑइल इंजिन खाली न्यावे लागते. जुनी माणसे आधी पेटता कंदील दोराला बांधून आत सोडत. कंदील विझला तर कोणी उतरत नसे. (इंजिनाच्या धुरातील विषारी वायू मात्र कंदिलाला कळत नाही, जुनी रीत तेथे अपुरी पडते.) ही काळजी जेथे घेतली जात नाही तेथे काय घडते ते मराठवाड्यातील वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना सांगावयास नको. एक जण खाली कोसळतो. त्याला काढण्यासाठी भाऊ उतरतो, तोही पडतो. मग शेजारी.

त्या भावाला आणि त्या शेजाऱ्याला अविचारी म्हणण्याची आमची छाती होत नाही. मित्रासाठी प्राण देण्यापेक्षा मोठी प्रीती नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि त्यांनी ते करून दाखवले. तरीही मन अडते. कंबरेला दोर बांधून, वर दोन माणसे उभी करून तो उतरला असता, तर प्रीती तितकीच राहिली असती आणि घरात एक प्रेत कमी आले असते. विहिरीच्या काठावर विचाराला वेळ नसतो. म्हणून दोर, माणसे आणि कंदील यांचा विचार आदल्या दिवशी करावा लागतो. बुरूज बांधू पाहणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, हा प्रभूचा दृष्टांत आपण पैशाच्या संदर्भात वाचतो; आम्हांला तो येथे अधिक लागू वाटतो.

हिमनदीवर माणसे एकमेकांना दोराने बांधून चालतात. एक भेगेत गेला की उरलेल्यांनी बर्फावर अंग टाकून त्याला तोलावयाचे. १९७४ मध्ये मुंबईचे गिर्यारोहक हरीश कपाडिया नंदादेवी अभयारण्याच्या परिसरात देवतोली शिखराच्या मोहिमेवर असताना हिमभेगेत कोसळले. त्यांच्या खुब्याचा सांधा निखळला होता. सोबत्यांनी त्यांना तेरा दिवस वाहून तळछावणीपर्यंत आणले, तेथून हेलिकॉप्टरने नेले. पुढे दोन वर्षे ते कुबड्यांवर होते. नंतर पुन्हा हिमालयात जाऊ लागले. या कथेत आमचे लक्ष त्या तेरा दिवसांकडे जाते. 'माझा जीव आहे, मी धोका पत्करीन' असे म्हणणारा माणूस त्या तेरा दिवसांचा हिशेब धरत नाही. त्याचा धोका त्याच्या एकट्याचा कधीच नसतो.

दोराचे टोक आणखी दूरही जाते. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार मृत्युमुखी पडले. इतरांच्या मोहिमांसाठी वाट तयार करणे व सामान वर नेणे हे त्यांचे पोटाचे काम होते. आमच्या मते 'मला अधिकार आहे काय' या प्रश्नातील कठीण भाग हा आहे. स्वतःच्या प्राणाविषयी माणूस देवाला काय उत्तर द्यावयाचे ते देईल; मजुरी देऊन दुसऱ्याचा प्राण पणाला लावणाऱ्याला त्याच्या लेकरांनाही उत्तर द्यावे लागते. हा प्रश्न विहीर खोदून घेणाऱ्या शेतमालकालाही चुकत नाही.

राहिला परत फिरण्याचा मुद्दा. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर दुपारी दोननंतर वर जायचे नाही, अशी वेळ बोलून ठेवलेली होती. तरी अनेक जण, अनुभवी मार्गदर्शकांसह, त्यानंतर शिखरावर पोचले. त्या वादळात आठ जण गेले. त्यांत पलीकडच्या बाजूने चढलेले भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तीन जवान होते. शिखर समोर दिसत असताना, पैसे व वर्षे खर्ची पडलेली असताना, घड्याळाकडे पाहून पाठ फिरवणे किती अवघड असेल याची कल्पना आपणां मैदानातील लोकांना येणार नाही. म्हणूनच ती वेळ खाली, गरम चहा पिताना, ठरवायची असते आणि ती पाळण्याचे वचन स्वतःला न देता बरोबरच्या माणसाला द्यायचे असते. स्वतःला दिलेले वचन मोडायला फारसे काही लागत नाही.

आल्प्समधील झोपड्यांत एक वही ठेवलेली असते. सकाळी निघण्यापूर्वी प्रत्येकाने तीत आपले नाव आणि पुढचा मुक्काम लिहावयाचा, म्हणजे शोध घेण्याची वेळ आली तर कोठून आरंभ करावा ते कळते. आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. शिबिराच्या अर्जावर सही करणाऱ्या वडिलांनी आणि डबा भरणाऱ्या आईने त्या 'येतो'च्या पुढे थोडे विचारावे: कोणत्या वाटेने, कोणाबरोबर, सामान कोण वाहणार, त्याचा विमा आहे की नाही, आणि किती वाजता माघारी वळणार. उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत व तो कागद देव्हाऱ्याजवळ ठेवावा.