विक्रेत्याची स्तुती आणि ग्राहकाचे अज्ञान

बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण व्यवहारात खरी आहे. परंतु तीत एक प्रश्न दडलेला आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. माती घेऊन जो घरी गेला, त्याचे पुढे काय झाले? आपल्या समाजात व्यापारउदीम करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना पत्रके छापावी लागतात, फलक रंगवावे लागतात, हल्ली तर मोबाईलवरही मजकूर धाडावा लागतो. तो मजकूर परिणामकारक कसा लिहावा हे शिकविणारी पुस्तके बाजारात वाटेल तितकी मिळतात. आपल्या मालाची स्तुती कोठवर करावी, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

या विचारास उपयोगी पडेल अशी सामग्री आपल्या मीमांसकांनी फार पूर्वी जमवून ठेविली आहे, असे म्हटले तर काहींना नवल वाटेल. वेदवाक्यांची वर्गवारी करताना विधी, मंत्र, नामधेय आणि निषेध यांच्या जोडीस त्यांनी अर्थवाद असा एक भाग मानला. अर्थवाद म्हणजे, सोप्या शब्दांत, स्तुती किंवा निंदा. वायूप्रीत्यर्थ याग करावा, हा विधी. वायू ही अत्यंत शीघ्रगती देवता होय, ही त्याची स्तुती. ती ऐकून कर्त्याचे मन कर्माकडे वळावे, एवढेच तिचे काम. तद्वत् एका यागात रुपे देऊ नये असा निषेध सांगितला, आणि रुपे रुद्राच्या अश्रूंपासून उत्पन्न झाले असे म्हणून त्याची निंदाही केली. आजच्या जाहिरातदारास यात आपलाच धंदा दिसेल!

अशा वाक्यांस मीमांसकांनी खोटे ठरविले नाही. त्यांचे तीन प्रकार पाडले. यज्ञातील खांब म्हणजे सूर्यच, असे वाक्य प्रत्यक्षाच्या विरुद्ध जाते, म्हणून ते कोणी अक्षरशः घेत नाही. त्या खांबाची झळाळी तेवढी ध्यानात घेतो. हा गुणवाद. अग्नी हा थंडीवरचा उपाय होय, हे वाक्य सर्वांना आधीच ठाऊक असलेली गोष्ट सांगते. हा अनुवाद, भाषांतर या आजच्या अर्थाने नव्हे, तर ज्ञात गोष्टीचा पुनरुच्चार या अर्थाने. आणि इंद्राने वृत्रावर वज्र उगारले, यासारखे जे वाक्य प्रत्यक्षाशी विसंगत नाही आणि अन्य मार्गाने कळलेलेही नाही, तो भूतार्थवाद.

मिठाईवाल्याने आपल्या पेढ्यास अमृत म्हटले तर तो गुणवाद झाला. पेढा खाऊन आपण अमर होऊ असे कोणी समजत नाही, तेव्हा तेथे फसवणूक नाही. भूतार्थवादाचे प्रकरण याहून गंभीर. १८९१ साली लंडनमध्ये एका कंपनीने श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाच्या गोळ्याची जाहिरात दिली. सांगितल्याप्रमाणे तो गोळा दोन आठवडे वापरूनही ज्यास इन्फ्लुएन्झा होईल त्यास १०० पौंड देऊ, आणि या वचनाची खूण म्हणून १,००० पौंड बँकेत ठेविले आहेत, असे तीत म्हटले होते. कार्लिल नावाच्या बाईंनी गोळा नेमाने वापरला आणि त्यांना ज्वर आलाच. कंपनीने न्यायालयात बचाव केला की, हा केवळ जाहिरातीचा फुगवटा होता. म्हणजे आपला भूतार्थवाद गुणवाद म्हणून खपविण्याचा हा प्रयत्न! १८९२ च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने तो मानला नाही. बँकेत पैसे ठेविल्याचे सांगणारा थट्टा करीत नसतो. बाईंना १०० पौंड मिळाले. आपल्याकडील कायद्याच्या विद्यार्थ्यांसही हा खटला अजून अभ्यासावा लागतो.

उघड अतिशयोक्ती आणि उघड असत्य यांचा निकाल असा लवकर लागतो. खरी अडचण मधल्या प्रकारात, अनुवादात आहे. वरवर पाहता तोच सर्वांत निरुपद्रवी. सर्वांस ठाऊक असलेले सत्य सांगण्यात कसला आला आहे दोष?

क्लॉड हॉपकिन्स हा अमेरिकेतील जाहिरात-लेखकांचा एक अध्वर्यू. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने एक हकीकत सांगितली आहे. मिलवॉकी येथील श्लिट्झ या बिअर-कारखान्याचे काम त्याजकडे आले. (माल मद्याचा आहे म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये, तर्क दुधाच्या बाटलीसही तितकाच लागू पडतो.) कारखाना हिंडून पाहताना बाटल्या किती काळजीने स्वच्छ करतात, हवा कशी गाळून घेतात, पाणी किती खोलवरून आणतात, हे त्याने पाहिले. हे लोकांना का सांगत नाही, असे विचारता उत्तर मिळाले की, यात सांगण्यासारखे काय आहे, सगळेच कारखाने असे करतात. हॉपकिन्सने नेमके तेच सांगितले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे काही महिन्यांतच पाचव्या क्रमांकाचा हा माल पहिल्याच्या बरोबरीस आला.

त्यात एक अक्षरही खोटे नव्हते. किंबहुना लोकांच्या ज्ञानात त्याने भर घातली, असेही म्हणता येईल, आणि त्यात निम्मे तथ्य आहे. परंतु वेदातील अनुवाद आणि हा अनुवाद यांत मोठा भेद आहे. अग्नीने थंडी जाते हे तेथे ऐकणाऱ्यास ठाऊक असते. येथे मात्र ते फक्त सांगणाऱ्यास ठाऊक आहे. वाचणारा मनाशी म्हणतो, 'हे लोक बाटल्या स्वच्छ करतात. म्हणजे इतर करीत नसावेत.' हे दुसरे वाक्य कोणी लिहिलेले नाही, आणि माल खपविणारे वाक्य तेच आहे. सगळेच तसे करतात हे ग्राहकास कळताच ज्या स्तुतीचा प्रभाव मावळतो, ती स्तुती मालाची नव्हेच. तिने ग्राहकाचे अज्ञान विकले. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडविण्याचाही समावेश केला आहे, तो उगाच नव्हे.

हा प्रश्न दूरच्या मिलवॉकीचा नाही. आपल्याच समाजातील एका तरुणाने लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा व्यवसाय काढला आहे. त्याचे पत्रक वाचावयास मिळाले. वर ठळक अक्षरांत लिहिले होते की, या तेलात कोलेस्ट्रॉल नाही. आता, कोलेस्ट्रॉल हा प्राण्यांच्या शरीरात होणारा पदार्थ. वनस्पतींच्या तेलात तो जवळजवळ नसतोच. मग ते घाण्याचे असो वा गिरणीचे, महाग असो वा स्वस्त. हे मी त्यास म्हटले. तो म्हणाला, "काका, वाक्य तर खरे आहे ना? आणि शेजारचा दुकानदार तेच लिहितो. मी न लिहिले, तर लोक म्हणतील याच्या तेलात आहे." त्याचे हे शेवटचे बोलणे सोडून देण्यासारखे नाही. एकाने अनुवादाचे शस्त्र उपसले की गप्प राहणाऱ्यावर आपोआप आळ येतो, आणि प्रामाणिक मनुष्यही त्या शर्यतीत ओढला जातो.

ग्राहकाच्या अज्ञानाशी दुसऱ्या रीतीनेही वागता येते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर केले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती. अशा भीतीपुढे 'उत्कृष्ट', 'अद्वितीय' ही विशेषणे काय कामाची? ती भीतीच नाहीशी व्हावी लागते. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचे पत्रक निघाले, आणि त्याचेच पुढे महाराष्ट्रातील एक नामांकित मासिक झाले. शेतकरी अज्ञानी राहण्यात नांगरवाल्याचा तोटा होता; तो जाणता होण्यातच नफा होता. ज्या धंद्याची मांडणी अशी असते, त्याच्या जाहिरात-लेखकाचे काम फार सुखाचे असते.

आमच्या तेलवाल्याजवळ सांगण्यासारखे थोडे होते असे नाही. त्याच्या एक किलो तेलास सुमारे अडीच किलो शेंगदाणे लागतात, म्हणून भाव गिरणीच्या तेलाहून जास्त. तेल रिफाइंड केलेले नाही, म्हणून दाण्याचा वास राहतो आणि बाटलीच्या तळाशी गाळ बसतो. ते लवकर खवट होते, म्हणून थोडे थोडे न्यावे. गाळाचे आणि खवटपणाचे लिहिण्यास तो आधी तयार नव्हता. आपला दोष आपणच कोण छापतो? परंतु गाळ दिसला म्हणून बाटली परत घेऊन येणारी गिऱ्हाइके त्यास रोज भेटतच होती. शेवटी भाव, गाळ आणि घाणा फिरविल्याची तारीख, असे तिन्ही मजकूर पत्रकात आले. कोलेस्ट्रॉलचे वाक्य काढावे की त्यापुढे 'कोणत्याही वनस्पती तेलाप्रमाणेच' एवढे शब्द जोडावेत, यावर त्याचे व त्याच्या वडिलांचे अद्याप एकमत झालेले नाही. शेजारच्या दुकानावर मात्र ते वाक्य अजून मोठ्या अक्षरांत झळकत आहे.